बोगद्यातला हात

रविवार होता आणि मला खरोखरची सुट्टी मिळाली होती. तू वॉर्डात नवी आहेस, नर्सच्या नोकरीत हे किती दुर्मीळ ते कळेलच तुला. माझी लेक भिंगरी पहिलीत जाते. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. तिला बागेतल्या झुकझुक गाडीत बसवायचं कबूल केलं होतं, पण आज नाही उद्या असं चाललेलं. सकाळी केस विंचरताना तिनं मलाच दम भरला, "आज तू फक्त माझी हं. फोन आला तरी जायचं नाही." मी फोन बंद करून कपाटात टाकला.

दुपारपर्यंत आम्ही मनसोक्त हुंदडलो. घसरगुंडी झाली, झोपाळे झाले, आइस्क्रीम निम्मं पोटात गेलं आणि निम्मं फ्रॉकवर. पोरगी इतकी खिदळत होती की मलाच भरून आलं.

मग गाडी. उघडे डबे, एकामागे एक बाकं. भिंगरी चालकाच्या पाठीमागच्या बाकावर चढून बसली. मी शेजारी बसायला गेले तर म्हणते, "तू मागे बस. मी मोठी झालेय." मोठी म्हणे! बसले मागे. माझ्या बाकावर मी एकटीच होते.

तळ्याला वळसा घालून गाडी बोगद्यात शिरली. बोगदा कसला, टेकाडाखालून काढलेली वाट. पण वळणाची, त्यामुळे आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. भिंतींना ओल आलेली, वास बंद पडलेल्या न्हाणीघरासारखा. पोरांनी हौसेनं आरडाओरडा केला. तेवढ्यात माझ्या डाव्या हातात एक इवलासा हात आला.

मला हसूच आलं. म्हटलं, मोठी झाली होती ना, टरकली शेवटी.

आता आपली खोड तुला माहीत आहे. कुणाचाही हात हातात आला की बोटं आपोआप मनगटावर जातात. माझीही गेली. नाडी लागेना. गाडी हादरत होती, म्हटलं बोटं चुकली असतील. सरकवून पाहिली, दाबून पाहिली. हात गार होता. तसा गारवा आपल्याला ओळखता येतो ग… पण अशा वेळी मन मानत नाही.

आणि गाडी थांबली. इंजिनाची घरघर बंद झाली. पुढून चालकाचा आवाज आला, "लाइट गेलीय. बसून राहा सगळे." पोरं गप्प झाली. पाणी ठिबकत होतं तेवढंच ऐकू येत होतं. त्या हातानं माझी बोटं घट्ट आवळली.

वॉर्डात पोर घाबरलं की आपण काय म्हणतो? तेच माझ्या तोंडून गेलं. "घाबरू नकोस बाळा. मी आहे. मी नाही सोडणार तुला."

पुढच्या बाकावरून भिंगरी म्हणाली, "आई… कुणाशी बोलतेस?"

मी विचारलं, "तुझा हात कुठाय?"

"दांडीवर. दोन्ही."

मला हात झटकायचा होता. देवाशपथ सांगते, झटकता येईना. त्यानं घट्ट धरलं होतं म्हणून नाही… आत्ताच शब्द दिला होता म्हणून. मग घरघर सुरू झाली, वळण गेलं, ऊन आलं. बाकावर माझ्या शेजारी कुणीही नव्हतं.

उतरताना मी चालकाला हळूच विचारलं, "दादा, आत कुणी…?"

त्यानं मला पुरतं बोलूही दिलं नाही. खाली बघतच म्हणाला, "ताई, काही बोलला नाहीत ना तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं.

"मग ठीक."

बागेबाहेर रस्ता ओलांडायला मी डावा हात पुढे केला. भिंगरी वळसा घालून उजवीकडे आली. सकाळची खिदळणारी पोर ती, आता तोंड एवढंसं झालेलं.

"काय झालं ग?"

"तिला म्हणालीस, नाही सोडणार. मला कधी म्हणालीस?"

मी तिथंच रस्त्यात बसून तिला पोटाशी धरलं. एका हातानं. बसमध्ये ती मांडीवर झोपली तेव्हा पुन्हा पुन्हा तिची नाडी बघत होते. व्यवस्थित आहे, आजही व्यवस्थित आहे. झोपेत असली की रोज बघते. जागेपणी ती मला हात धरू देत नाही.

डॉक्टरांना मी माझा डावा हात दाखवला. म्हणाले, हाडं ठीक, नसा ठीक, काही झालेलं नाही. मग ही मूठ बघ. जोर लावून मिटते आहे मी. पुरती मिटतच नाही. मध्ये काहीतरी येतं.