उतारावरचा पहिला गेअर

रामकिसनचा फोन आला तेव्हा मी एका जीपचं बेअरिंग बसवत होतो. बीडमध्ये जालना रोडला माझं गॅरेज आहे. त्याआधी बरीच वर्षं मी सौदीत, दम्मामला, टोचन गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली. बंद पडलेली वाहनं ओढून आणायच्या त्या अवजड गाड्या तिकडे ऑटोमॅटिक असतात. क्लच नाही, गेअर गाडी आपली आपण बदलते. आपल्या भागात तसला गेअरबॉक्स खोलणारं फारसं कुणी नाही, म्हणून तो फोन मला.

"जालिंदरभाऊ, आमची टोचन गाडी बिघडलीय," रामकिसन म्हणाला. "एकदा येऊन बगा. फॉल्ट कशाचा हाय, कुणालाच कळंना."

रामकिसन माझ्या वर्गातला. आता एका सहकारी साखर कारखान्यात गाड्यांचा विभाग सांभाळत होता. कारखान्याने ती परदेशी गाडी बंदरावरच्या लिलावातून घेतलेली. उसाचा ट्रॅक्टर उलटला, ट्रॉली खड्ड्यात गेली, की तिला बोलावायचे. पण ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणलं, ते हे वर्ष. ऊस नव्हता, धुराडं थंड होतं. कारखान्याने गाडी पाण्याच्या कामाला दिली होती. आटलेल्या तळ्याच्या पोटात बोअर घेतले होते. तिथून टँकर भरून वस्त्यांवर जायचे. टँकर गाळात रुतला की ही गाडी ओढून काढायची. ती बिघडल्यापासून एक भरलेला टँकर गाळात तसाच उभा होता, आणि ज्या वस्त्या त्याच्यावर अवलंबून होत्या, तिथली माणसं रिकाम्या घागरी घेऊन रस्त्यावर बसून होती.

कारखान्यात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. इतकं मोठं आवार, आणि आवाज म्हणून नाही. शेडमध्ये गाडीजवळ ड्रायव्हर उभा होता, सर्जेराव. हडकुळा, कमी बोलणारा माणूस.

"काय होतंय नेमकं?" मी विचारलं.

"तळ्याकडं जाताना काहीच न्हाई, मिस्त्री. लोण्यावानी जाती. येताना मात्र वरचा गेर घेईना. नुसती बोंबलती आन् तापती."

"टँकर ओढून आणताना?"

"न्हाई. रिकामी."

मला त्यात नवल वाटलं नाही. जाताना गेअरबॉक्स थंड असतो, येताना तापलेला. आतली सीलं जुनी झाली की तापल्यावर ऑइलचा दाब पडतो आणि वरचा गेअर लागत नाही. मी ऑइलची पट्टी काढून वास घेतला. जळका वास. ऑइल लाल असायला हवं, ते काळपट तपकिरी झालं होतं. गेअरबॉक्स उतरवून खोलला तर आतल्या क्लच प्लेटा जळून कोळसा झालेल्या. मी सीलं तपासली. ती नरम होती, चांगली होती. पंप चांगला. दाबही बरोबर भरला. म्हणजे प्लेटा घसरून जळाल्या नव्हत्या. त्या ओझ्याने जळाल्या होत्या. फार मोठं ओझं फार वेळ ओढलं की जळतात, तशा.

"खरं सांगा," मी सर्जेरावला म्हणालो, "येताना हुकाला काय लावत होता?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. "काय बी न्हाई," म्हणाला.

पुण्याहून प्लेटा मागवल्या, नवं ऑइल भरलं, सगळं बसवलं. आवारात फिरवून बघितली. गेअर कधी बदलला हेसुद्धा कळत नव्हतं. तरी मनात खुटखुट होती. कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती झाली असं मी मानत नाही. म्हणून मी सर्जेरावला म्हणालो, तळ्यावर मीच चालवतो, तुम्ही शेजारी बसा.

दुपार कलली होती. वाटेत बाभळी तेवढ्या उभ्या होत्या, बाकी रान भाजलेलं. तळ्याच्या बांधावर चढून आम्ही पलीकडे आत उतरलो. तळं कसलं, भेगाळलेली माती. मध्यभागी तेवढा ओला काळा गाळ, आणि त्यात तो टँकर. सर्जेरावने हूक लावला, मी हळूच ओढलं, टँकर बाहेर आला. त्याचा ड्रायव्हर हात हलवून निघून गेला. गाडीने काही कुरकुर केली नाही.

जवळच एक बाई बसली होती. म्हातारी नव्हे, पण उन्हाने वाळलेली. शेजारी घागर नाही, कळशी नाही. नुसती जमिनीकडे बघत बसलेली.

"या सिंधुबाई," सर्जेराव हलक्या आवाजात म्हणाला. "तळं आटल्यापून रोज येत्यात."

बाई उठून माझ्याजवळ आली. "तुमीच का गेरबॉक्सवाले?" तिने विचारलं. "झाली का दुरुस्त?"

"झाली, मावशी."

"नीट वढंल ना आता?"

मला वाटलं टँकरचं विचारते आहे. मी हो म्हणालो. ती जाऊन पुन्हा बसली.

आम्ही निघालो. तळ्यातून बांधावर यायचा चढ आहे, तिथे गाडीने पहिला गेअर घेतला. ते ठीकच होतं. बांध ओलांडला. पुढे डांबरी रस्त्यापर्यंत सरळ उतार. रिकामी गाडी तिथे आपोआप धावायला हवी, वरचा गेअर पडायला हवा.

पडला नाही. गाडी पहिल्या गेअरमध्येच होती. इंजिन कण्हत होतं आणि ऑइलच्या तापमानाचा काटा चढत होता. मी जास्त अॅक्सिलेटर दिला. गाडी उतारावर, चिखलातून जावी तशी, इंचाइंचाने सरकत होती.

मी ब्रेक दाबून थांबवली, हँडब्रेक लावून खाली उतरलो. ब्रेक धरून बसले असतील तर चाकं तापलेली असतात. एकेका चाकाला हात लावला. थंड. म्हणजे ब्रेक मोकळे. मग मी एक साधी गोष्ट केली. वर बसलो, पायाने ब्रेक धरून हँडब्रेक सोडला, गेअरची दांडी न्यूट्रलला टाकली आणि ब्रेकवरचा पाय काढला. न्यूट्रलमध्ये गेअरबॉक्सचा काही संबंध उरत नाही. उतारावर गाडी खाली जाणारच.

गाडी जागची हलली नाही.

मी वाट बघितली. वारा नव्हता. सर्जेरावचा श्वास मला ऐकू येत होता. आणि मग गाडी हलली... मागे. हळूहळू, वर चढत, तळ्याकडे.

मी ब्रेकवर उभाच राहिलो.

"मागं बगा," सर्जेराव कुजबुजला.

मी आरशात बघितलं. मागच्या उचलायच्या दांड्यावरून, बूमवरून, वायरदोर सुटला होता आणि टोकाला रिकामा हूक होता. तो खाली लोंबायला हवा होता. तो लोंबत नव्हता. वायरदोर मागे, तळ्याच्या दिशेने, आडवा ताणलेला होता, आणि हूक हवेत होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

सर्जेरावने आरशावरची नजर काढली. मग सांगायला लागला, समोरच्या काचेकडे बघत.

"मागं एका हंगामात ट्रॅक्टर पडला हितं, बांधावरून. ऊसतोडीची माणसं घिऊन चाललाता. मागं दोन ट्रॉल्या. तवा तळं भरलेलं. हीच गाडी आली. धुळाजी चालवत होता, मी हुकावर. ट्रॅक्टर निगाला, पुढची ट्रॉली निगाली. मागचीला हूक लागला, वढायला लागलो... आन् दोर तुटला. पाणबुडे आले, लई शोधलं. ट्रॉली न्हाई आन् माणसं बी न्हाईत. यंदा तळं आटलं. समदे म्हणले, आता दिसंल. तुमी बगितलं ना तळ... हाय का कुठं?"

नव्हती. मी सगळा तळ बघितला होता.

"आधी कावून सांगितलं न्हाई?" माझ्याही तोंडून घरची भाषा आली.

"गेरबॉक्स खोलणाऱ्याला काय सांगू, मिस्त्री?"

एवढ्यात बांधावरून सिंधुबाई येताना दिसली. सावकाश चालत ती माझ्या दाराशी आली.

"थांबलात कावून?" तिने विचारलं.

"मावशी, गाडीवर ओझं येतंय. कशाचं, ते मला कळत नाही."

"माझी भैन हाय त्याच्यात, जाईबाई. तिचा मालक हाय, सुभद्राबाई हाय, समदी हायत." ती साधेपणाने बोलली, गावातल्या माणसांची नावं सांगावीत तशी. "मागल्या बारीला दोर तुटला. आता नीट वढा. हळू वढा, बाबा."

दोर सोडून द्यावा, कापून टाकावा, असं माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू. नव्या प्लेटा जळाल्या तर उद्या पुन्हा टँकर बंद. आणि भीती तर होतीच. पण ती बाई दाराच्या दांडीला धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावर इतकी आशा होती की माझा हात आपोआप गेअरकडे गेला. मी दांडी पहिल्यावर टाकली.

गाडी निघाली. इंजिन कण्हत होतं, जळका वास केबिनमध्ये यायला लागला. मी एक डोळा ऑइलच्या काट्यावर आणि एक आरशावर ठेवला. सिंधुबाई मागून चालत होती. गाडीच्या लगेच मागे नव्हे. मध्ये एका ट्रॉलीची जागा सोडून, थोडी बाजूने, जशी माणसं ट्रॉलीबरोबर चालतात तशी. मान वर करून ती कुणाशी तरी बोलत होती. एकदा हसलीसुद्धा.

"मिस्त्री... आवाज येतोय का?" सर्जेराव म्हणाला.

येत होता. लोखंड खडखडल्याचा. आणि मागून वास येत होता, ओल्या शेवाळाचा. त्या दिवसांत आमच्याकडे ओल्या कशाचाच वास येत नव्हता.

डांबरी रस्त्याला पुढची चाकं लागली आणि ओझं हलकं झालं. एकदम नव्हे. गाळातून चाक मोकळं व्हावं आणि मग नुसतं फिरायला लागावं, तसं. दुसरा गेअर पडला, तिसरा पडला. मी आरशात बघितलं. सिंधुबाईने लुगडं जरा वर खोचलं, एक हात पुढे केला, कुणाचा तरी हात धरावा तसा, आणि उजवा पाय टेकवून डावा वर टाकला.

धुरळा उडाला. तो खाली बसला तेव्हा रस्ता रिकामा होता.

आम्ही थांबलो. पळत मागे गेलो. दोन्ही बाजूला उघडं माळरान, लपायला झुडूपसुद्धा नाही. रस्त्याच्या कडेच्या फुफाट्यात तिची पावलं स्पष्ट उमटली होती, तळ्यापासून इथपर्यंत. शेवटचं पाऊल उजवं. टाच उचललेली. त्याच्यापुढे डावं नव्हतं.

आम्ही अंधार पडेपर्यंत तिला हाका मारल्या. नंतर तिचा भाऊ आसाराम आला, पोलीस आले. मी जे बघितलं ते सांगितलं, आणि त्यांनी त्यातलं जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिलं. सिंधुबाई सापडली नाही. आसाराम माझ्या गॅरेजवर येऊन एकदा विचारून गेला, "जाताना ती रडत व्हती का?" मी म्हणालो, नाही, हसत होती. तो मान हलवून निघून गेला.

गाडी त्यानंतर सुरळीत चालली. टँकर निघत राहिले. पुढे पावसाळ्याच्या शेवटी शेवटी चांगला पाऊस झाला आणि तळं भरलं. दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी सर्जेरावचा फोन आला. तळ्याकाठी राहिलेलं पाण्याचं इंजिन आणायला तो निघाला होता.

"गेर चोख हाय, मिस्त्री," तो म्हणाला. "पण ब्रेक लई झिजायलेत. तळ्याकडं जाताना मागून रेटा येतोय, भरली ट्रॉली लावल्यावानी."

"गाडी रिकामीच असते ना?"

फोनमधून इंजिनाचा आवाज येत होता.

"आता मी बांधाच्या चढावर हाय," तो अगदी हळू बोलला. "पाय ब्रेकवर हाय माझा... आन् गाडी चढायलीय."

"दांडी न्यूट्रलला टाका आणि उडी मारा," मी ओरडलो. "सर्जेराव, उडी मारा!"

दार उघडल्याचा आवाज आला.

सर्जेराव वाचला. खांद्याचं हाड मोडलं, आता बरा आहे. गाडी बांधावरून पाण्यात गेली. तिथे पाणी पुरुषभर खोल. दुसरीकडून क्रेन आणली, पाणबुडे उतरवले, गळ टाकले. गाडी मिळाली नाही.

सर्जेराव आजही शपथेवर सांगतो की उडी मारायच्या आधी त्याने दांडी न्यूट्रलला टाकली होती. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. पण त्याचा फोन केबिनमध्येच राहिला होता आणि तो चालू होता. मी कानाला लावून ऐकत होतो. इंजिन सावकाश, बिनओझ्याचं चालत होतं, आणि चढावर, रिकाम्या केबिनमध्ये, एकेक करून वरचे गेअर पडत गेले.