विखारचा चुकीचा चेहरा

सकाळपासून चौथं बिऱ्हाड आपली किल्ली परत मागायला आलं, तेव्हा चावीवाल्या आजोबांनी ती भिंतीवरून काढून पुढे केली. वसाहतीच्या फाटकाला लागून त्यांचं अरुंद दुकान होतं. पुढे कानशी, पकडी आणि चाव्या घासायचं यंत्र, तर मागच्या भिंतीवर घराघरांच्या जादा किल्ल्या नंबरवार टांगलेल्या. कुणी घराबाहेर अडकलं की आधी आजोबांकडे धावायचं, हे इतकी वर्षं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आता भिंतीवर रिकामे खिळे दिसायला लागले होते.

समोरच्या पायऱ्यांवर बसून तिघं हे पाहत होती. ताई यंदा आठवी संपवून मोकळी झालेली. तिची धाकटी बहीण लवंगी, दहा वर्षांची आणि नावाप्रमाणे तडतडी. आणि शेजारचा भिंग्या, जाड चष्म्याचा. सुट्टीत काय काय करायचं याची भलीमोठी यादी त्यांनी केली होती. चार दिवसांत तिचं नावही कुणी काढलं नव्हतं.

हे सगळं एका कॉमिकमुळे झालं होतं. पन्नास वर्षांपूर्वी ‘विजेरीवाला’ नावाच्या वीराच्या खिशात मावतील अशा रहस्यकथा निघत. त्याच्याकडे ना पिस्तूल, ना सुरा. अंधारात विजेरीचा झोत टाकून तो गुन्हेगारांना पकडायचा, आणि झोतामागचा त्याचा चेहरा कधीच दिसायचा नाही. आता एका प्रकाशनाने त्याला गुळगुळीत रंगीत पानांवर नव्याने आणलं होतं. मुलं त्या पुस्तकावर तुटून पडली. पण त्यातला खलनायक विखार, घरफोड्यांचा सरदार, अगदी चावीवाल्या आजोबांसारखा दिसत होता. फक्त तरुण. तेच बाकदार नाक, तीच मधेच तुटलेली भुवई, हनुवटीवरचा व्रणसुद्धा तोच. शेवटच्या पानावर छापलं होतं, ‘सत्य घटनांवर आधारित, मूळ चेहऱ्यांसह.’

हे पहिल्यांदा भिंग्याच्या लक्षात आलं. दुकानासमोर पुस्तक उघडून तो ओरडला होता, “आजोबा, तुम्ही तर घरफोडे निघालात!” पोरं हसली, मग पोरांच्या आया हसल्या. दोन दिवसांनी हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. उगाच कोण कुणाचं चित्र काढेल? इथे येण्याआधी हा माणूस काय करत होता, कुणाला ठाऊक आहे का? आणि आपल्या किल्ल्या त्याच्याच भिंतीवर! वसाहतीच्या अध्यक्षांनी फाटकाची किल्ली काढून घेतली. तात्पुरती, असं म्हणाले.

आजोबांनी दुकान आवरायला घेतलं. त्यांची मुलगी त्यांना आपल्या घरी न्यायला येणार होती, रविवारी दुकान कायमचं बंद होणार होतं. लवंगी ही बातमी घेऊन आली, त्या दिवशी भिंग्याने आपलं पुस्तक गादीखाली दडवलं.

ताई मात्र त्या शेवटच्या ओळीवर अडून बसली होती. मूळ चेहरे म्हणजे जुन्या पुस्तकांतले. मग ती पुस्तकं बघायला नकोत का?

वाचनालयाच्या बाईंनी मोडीत काढायच्या पुस्तकांतून एक गठ्ठा शोधून दिला. मुलांनी सतरा मुखपृष्ठं फरशीवर मांडली. विखार त्यांतल्या नऊ चित्रांवर होता, आणि नऊही ठिकाणी तो गुबगुबीत, दुहेरी हनुवटीचा, टकलू. आजोबांशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं.

“म्हणजे नव्या चित्रकाराने हे पाहिलंच नाही,” ताई म्हणाली.

लवंगीचं लक्ष तिकडे नव्हतं. ती विजेरी धरलेला हात बघत होती. प्रत्येक चित्रात तो डावा होता आणि त्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लहानपणी यंत्रात सापडून वाकडी झालेली आजोबांची ती करंगळी त्यांनी हजारदा पाहिली होती, किल्ली हातात घेताना.

दुकानात ताई आणि लवंगी गेल्या. भिंग्या बाहेरच थांबला, त्याचा पाय उंबऱ्याच्या आत पडेना. ताईने दिलेलं मुखपृष्ठ आजोबांनी हातात घेतलं. मग हळूहळू सांगितलं. कुलपांचं काम शिकत असताना एका चित्रकाराच्या खोलीचं कुलूप दुरुस्त करायला ते गेले होते. त्याला त्यांची उभं राहायची ढब आवडली. पुढे दोन वर्षं दर शनिवारी ते कोट घालून, विजेरी रोखून त्याच्यासमोर उभे राहिले. तो आधी फोटो काढायचा आणि त्यावरून चित्र. पण त्याने त्यांच्याकडून शब्द घेतला होता. विजेरीवाला कसा दिसतो हे कुणाला कळता कामा नये, नाहीतर मुलांची गंमत जाईल. चित्रकाराला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती.

“मग सांगून टाका ना,” लवंगी रडकुंडीला आली. “चोर म्हणवून घेऊन जाणार का तुम्ही?”

“तो गेला म्हणून दिलेला शब्द जात नाही,” आजोबा म्हणाले. “मी विखार नाही, एवढंच पुस्तकवाल्यांना छापायला सांगा. बाकीचं तुमच्यापाशी ठेवा.”

दुसऱ्या दिवशी घरी सांगून तिघं प्रकाशनाच्या कचेरीत गेली. तिसरा मजला, जिन्यापर्यंत रचलेली खोकी. कोपऱ्यात एक तरुण चित्रकार बाई पडद्यावर चित्र रंगवत होती. व्यवस्थापकांनी मुलांचं अर्धंच ऐकलं. माणसं एकमेकांसारखी दिसतात, त्याला काय करायचं? अर्ज द्या, महिन्याभराने बघू, असं सांगून ते पुन्हा कागदांत बुडाले.

भिंग्या निघायला वळला. ताईने मात्र वडिलांचा फोन काढला आणि अदबीने विचारलं, तुमचा एक फोटो काढू का? व्यवस्थापक खूश झाले. कॉलर सारखी करून त्यांनी विचारलं, “कशासाठी?”

“आमच्या वर्गाच्या हस्तलिखितात मुलं पळवणारा एक माणूस आहे. त्याला तुमचा चेहरा छान शोभेल. खाली लिहू, सत्य घटनांवर आधारित.”

“असा कसा वापरता माझा चेहरा? लोक काय म्हणतील मला?”

“तेच विचारायला आम्ही आलोय,” ताई म्हणाली.

चित्रकार बाईचा हात थांबला. तिने उठून कपाटातून एक डबा आणला. त्यात जुने फोटो सुटे पडलेले होते. त्यांची नावं लिहिलेली पाकिटं धुळीने माखली म्हणून व्यवस्थापकांनी फेकून दिली होती. कोण कोणता हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिने सगळ्यांत करारी चेहरा विखारसाठी उचलला होता. आता पहिल्यांदाच तिने तो फोटो उलटून पाहिला. मागे फिकट शाईत लिहिलं होतं, ‘विजेरीवाला. डावा हात पुढे.’ ती फोटो घेऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, चूक आमची आहे, मी स्वतः येऊन सांगते. सत्य घटनांचं काय, असं लवंगीने विचारलं, तेव्हा व्यवस्थापक पुटपुटले की तसं छापलं म्हणजे पुस्तक खपतं.

शनिवारी संध्याकाळी वसाहतीच्या पटांगणात सभा भरली. चित्रकार बाई स्वतः आली होती. तिने उभं राहून सांगितलं की विखारला दिलेला चेहरा चुकीचा आहे. त्या जुन्या चित्रकाराबरोबर काम केलेल्या एका सज्जन माणसाचा तो चेहरा आहे. सत्य घटना वगैरे काही नाही. उरलेल्या प्रती परत घेऊन नव्या आवृत्तीत माफी छापली जाईल. उरलेली गोष्ट न सांगण्याचं वचन मुलांनी तिच्याकडून आधीच घेतलं होतं, आणि तिने ते पाळलं.

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मुलांचं तोंड भरून कौतुक केलं, मोठ्यांना सुचलं नाही ते या पोरांनी करून दाखवलं म्हणाले, आणि भिंग्याला पुढे बोलावलं.

भिंग्या उभा राहिला. “माझं कौतुक नको. पुस्तक दाखवून पहिल्यांदा हसलो तो मीच. आजोबांना चोर मी केलं.”

शेवटच्या रांगेत मुलीशेजारी बसलेले आजोबा उठले.

“तुझ्या हसण्याचं मला काही वाटलं नाही रे,” ते म्हणाले. “पोरं हसतात. हसणं थांबल्यावर जे झालं, ते पोरांनी नाही केलं.”

अध्यक्ष खिशातून फाटकाची किल्ली काढून रांगांमधून आजोबांपर्यंत गेले आणि त्यांनी ती पुढे केली. आजोबांनी हात पुढे केला नाही.

“दुकान सकाळी नऊला उघडतं,” ते म्हणाले. “तिथे आणून द्या.”

रविवारी नऊच्या आधीच दुकानासमोर रांग लागली होती. सगळ्यांत पुढे अध्यक्ष उभे होते.