ओर्दोकीच्या तुंब्यातला पहिला घोट

काम साधं होतं. जुन्या भयकथांचा एक संग्रह निघणार होता, त्यात बाल्तासार ओर्दोकीच्या दोन कथा घ्यायच्या होत्या आणि त्यासाठी त्याच्या विधवेची सही हवी होती. आमच्या उरुग्वेत भयकथा लिहिणारा ओर्दोकीच्या सावलीतून सुटलेला सापडायचा नाही. माझ्या पहिल्या दोन पुस्तकांवरून लोक मला ‘धाकटा ओर्दोकी’ म्हणून मोकळे झाले. तिसरं मात्र मी सहा वर्षं खपून माझं, फक्त माझं केलं होतं. त्याचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं.

निघताना आमची संपादक क्लेलिया म्हणाली, “सही घे आणि ऊठ. म्हातारी फार आग्रहाची आहे.”

म्हातारीच्या गावी, साल्तोला पोचलो ते भर दुपारी तीनला. जानेवारीचं, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्याचं ऊन, सगळं गाव निजलेलं, खिडक्यांच्या फळ्या बंद. ओर्दोकीच्या विधवेनं, दोन्या एर्मिंदांनी, स्वतःच दार उघडलं. आत अंधार होता आणि वास होता. ओल्या फडक्याचा, शिळ्या तंबाखूचा, आणि त्याखाली न धुतलेल्या तोंडाचा. टेबलाशी तीन खुर्च्या होत्या. तिसरीच्या पाठीवर ओर्दोकीचं जाकीट अडकवलेलं होतं.

“करते की सही. पळून जातेय का ती? आधी येर्बा घे.”

त्यांनी तुंब्यातल्या येर्बाच्या पाल्यावर गरम पाणी ओतलं आणि ओढून प्यायची धातूची नळी आत खोचली. पहिला तुंबा ओतणाऱ्यानं प्यायचा असतो. तो कडूजहर, गाळाचा, पाहुण्याला कुणी देत नाही. बाईंनी तो घेतला नाही. रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि हात मांडीवर घेऊन वाट पाहत बसल्या.

मग नळीतून आवाज आला. तळ लागल्यावर येतो तसा... सुर्रर.

“वारा असेल,” मी म्हणालो.

“फळ्या बंद आहेत रे.”

तुंबा रिकामा झाला होता. त्यांनी तो पुन्हा भरून माझ्या हातात दिला. नळीच्या टोकाला लाळेची तार लोंबत होती. आतली येर्बा काळी, बुळबुळीत, वर बुरशीची साय. मी खिशातल्या रुमालाकडे हात नेला. पण नळी पुसली की यजमानाचा अपमान, आणि अपमान झाला की सही गेली. मी डोळे मिटून ओठ लावले. नळी कोमट होती, नुकत्याच कुणाच्या तोंडातून काढल्यासारखी.

“हा कधी धुतला नाहीत का?” मी कसंबसं विचारलं.

“त्याची चव जाईल ना...” त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं आमच्याकडच्या सात नावाजलेल्या भयकथाकारांचे फोटो होते, आणि सातांच्याही हातात हाच तुंबा. “आले तेव्हा आपापलं काहीबाही लिहायचे बिचारे. मग सुधारले.”

‘आभार’ म्हटलं की तुंबा पुन्हा भरायचा नाही, असा आमचा रिवाज. एवढा एकच शब्द. पण सही अजून व्हायची होती, म्हणून मी तो गिळला आणि त्याच्यासोबत पाच तुंबे. पाचव्यात जिभेवर काहीतरी राठ, लांब आलं. तेही गिळलं. तेव्हा कुठे बाईंनी कागद ओढून सही केली.

घरी येऊन ओकलो. मिठानं जीभ घासली. आणि ते अडलेलं प्रकरण एका बैठकीत लिहून झालं.

क्लेलियानं वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. “फाउस्तो, आत्ता कुठे तुला तुझा आवाज सापडला बघ.”

त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. ते सांगायला तोंड उघडलं, तर आत काहीतरी टोचलं. आरशात पाहिलं. दाढेमागे हिरडीतून मिशीतला असावा तसा एक केस उगवला होता, पांढरा, टोकाला तंबाखूनं पिवळा पडलेला. ओढला तर रक्त आलं. रोज एक उपटतो आता. मला स्वतःचीच किळस येते.

गेल्या आठवड्यात बाईंचं पत्र आलं. “तू गेल्यापासून पहिला तुंबा खुर्चीपुढे तसाच गार होतो. जाकीट मात्र इथंच राहिलंय. पाठवू का?”

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. ‘नको, कृपा करा’, एवढंच लिहायचं होतं. तीन कागद घेतले.

तिन्हींवर माझ्या हातानं एकच उतरलं : “पाठव गं.”