बिनअक्षरांचं पुस्तक

गावपळणीचा दुसरा दिवस. अख्खं गाव सीमेबाहेर काजूच्या बागेत येऊन पडलं होतं, आणि सलोनी एका झाडाच्या बुंध्याला टेकून मोबाइलवर कुणा परक्या बाईचं पुस्तक शोधत होती.

गावपळण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. मालवणच्या बाजूला काही गावांत ही रीत अजून आहे. काही वर्षांनी देव कौल देतो आणि गाव तीन दिवस, तीन रात्री घरं सोडून बाहेर राहतं. माणसंच नव्हेत, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं. तेवढे दिवस गाव 'त्यांचं'. ते म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं. म्हातारे आवाज खाली नेतात, हात जोडतात आणि दुसऱ्या मिनिटाला पत्ते पिसायला घेतात. हल्ली टीव्हीवालेही येतात. झावळ्यांच्या खोपीसमोर कुणीतरी नवं धोतर नेसून श्रद्धेवर बोलतं, आणि मागे लाउडस्पीकरवर सिनेमातली गाणी चालू असतात.

सलोनीला या सगळ्याचा वीट आला होता. कोल्हापूरचं कॉलेज तिने दुसऱ्या वर्षाला सोडलं, आणि तिचा बाप परशुराम अजून लोकांना सांगत होता की पोरगी सुट्टीवर आली आहे. गावात मानकरी ना तो. मानकऱ्याची मुलगी नापास होत नाही, सुट्टीवर येते.

तिला एक गोष्ट मात्र नीट जमत असे. मोबाइलवर एक गट होता, लहानपणी वाचलेली, नाव विसरलेली पुस्तकं शोधणाऱ्यांचा. कुणी लिहायचं, निळं मुखपृष्ठ, एक शिंपी, शेवटी पाऊस. सलोनी जुन्या याद्या उपसून, चार म्हाताऱ्या शिक्षकांना छळून, नाव काढून द्यायची. लोक रडायचे फोनवर. फक्त तिचं स्वतःचं पुस्तक कुणाला सापडत नव्हतं.

आडवं, जाडसर पुस्तक. अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. एक गाव, दुपार, चुलीचा धूर नाही, माणूस नाही. पिवळ्या झग्यातली एक लहान मुलगी घराघरांतून हिंडते आहे. प्रत्येक घराचं दार आतून उघडतं. एका पानावर अंगणात पंगत बसली आहे, सगळ्यांच्या पाठीच दिसतात. आणि ते पुस्तक कुणीतरी तिला मांडीवर घेऊन दाखवत असे. ती मांडी थंड होती, विहिरीच्या काठासारखी, आणि तिला ओल्या भाताच्या पेंढीचा वास होता. ती मांडी कुणाची? आई म्हणे माझी नव्हे. बाप म्हणे अभ्यास कर. सलोनीला तेवढंच हवं होतं. आपल्याला इतक्या मायेने कुणी धरलं होतं, ते.

गटातल्या एकाने सुचवलं होतं, चित्रं आठवतात तशी काढून टाका. मग तिने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, चुलीतला कोळसा घेतला आणि काढू लागली.

शेजारची काशीबाई पेजेचं भांडं घेऊन चालली होती. थांबली.

"कॉलेज सोडलंस तां सोडलंस, आता कोळशान रांगोळ्यो घालतंस काय गो?"

"पुस्तक शोधतंय, काकी. ल्हानपणीचां."

"बघू." म्हातारी वाकली. हसली. "मेल्या चित्रकाराक दुसरां घर मिळाक नाय? ह्यां तर माझां घर!"

"पुस्तकातलां घर आसा तां."

"मगे माझ्या पायरीचो फुटको कोपरो पुस्तकात कसो गेलो? आणि ही आंब्याची फांदी... ती तर कधीच तोडली." काशीबाईचं बोट पुठ्ठ्यावरून फिरत होतं. "कोंबडां खंय आसत? कुत्रां नाय, गोठ्यात गोरू नाय..."

बोट थांबलं. पेज हिंदकळून कोळशावर सांडली.

"सीता," तिने हाक मारली, पण हाकेत आवाजच नव्हता. "ओ सीता... ह्यां चेडू बघ काय काढता तां..."

सलोनीची आई सीता आली. तिने पुठ्ठा पाहिला, उचलला आणि सरळ चुलीत घालायला निघाली. सलोनीने तो तिच्या हातातून ओढून घेतला. पत्त्यांचा डाव थांबला. चार पुरुषांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली. ती मान खाली घालण्याची पद्धत सलोनीने आयुष्यभर पाहिली होती. तिला वाटायचं, आपण नापास झालो म्हणून. पण ती शाळेत पहिली येत असे तेव्हाही हे लोक असेच खाली बघत.

दिवस कलताना तिने आईला व्हाळाकडे गाठलं. पाणी आटत आलेलं. पलीकडे गावाची सीमा, आणि सीमेपलीकडे झाडी एकदम गप्प. एवढी पाखरं असतात तिथे, एकही बोलत नव्हतं.

"पुस्तक नव्हतां ना तां?"

सीता कपडे धूत राहिली.

"आये, मी इचारतंय."

"तू ल्हान व्हतंस. अशीच पळण व्हती." सीता पाण्याशी बोलत होती. "मी म्हटलां तू बापाशीबरोबर बैलगाडीत आसस. तेका वाटलां माझ्याबरोबर. सीमेभायर येवन भाकरी वाढूक घेतलंय, तेवा कळला..."

"मगे? माघारी इलास?"

सीताने धुतलेलंच लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"आये, माघारी इलास काय नाय?"

"मी धावलंय. तुझ्या बापाशीन केसाक धरून माका ओढल्यान. म्हणालो, देवाचो परतीचो कौल व्हयसर गावात पाय ठेवचो नाय. सगळे तेच म्हणाले. माका दोरयेन बांधून ठेवल्यानी, ह्याच बागेत."

सलोनीला आधी हसूच आलं. एवढीशी पोर गावात एकटी, आणि हे मानकरी इथे बसून देवाचा नियम पाळत होते. पत्तेही खेळले असतील. आणि नंतर तिने कधी काही आठवून सांगितलं की सगळ्या घराने एकच पाठ म्हणायचा. पुस्तकातलां तां, बाय. जेव आता. इतकी वर्षं ती याद्या उपसत होती, आणि गावातल्या प्रत्येक थेरड्याला ठाऊक होतं.

"म्हणजे मी त्या घरांनी हिंडलंय," ती म्हणाली. राग होता, पण त्याखाली काहीतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. "कोणीतरी माका जेवक घातल्यानी. संबाळल्यानी. तुमच्यापेक्षा बरे."

"सलोनी..." सीताने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आमी परत इलंव तेवा अंगणात तू बसलेलं व्हतंस. पिवळो झगो. केसाक तेल. पोट भरलेलां..."

"मगे झालां तर."

"दोगां व्हती."

व्हाळाचं पाणी दगडाला लागून वाजत होतं.

"एकसारख्यो. तोच झगो, तोच गालावरचो तीळ. एक रडत व्हती, एक हसत. माका वळाखता येवक नाय गो... आवस मी, माका वळाखता येवक नाय. मगे बापाशीन देवाक फुलाची पाकळी लावून कौल घेतल्यान. रडणारी ती आमची म्हणून. पाकळी उजवी पडली, देवान व्हय म्हटलां."

"आणि हसणारी?"

"मागल्या दारान गेली. कोणी अडवक नाय. दार लावून घेतलां."

"म्हणजे मी रडणारी. तुमची." सलोनीचा आवाज आपोआप बारीक झाला होता. "कौल उजवोच पडलो ना? मगे इतकी वर्षां असां कित्याक बघतास माझ्याकडे?"

सीताने ओले हात पदराला पुसले. पुठ्ठा घेतला. कोळशाने काढलेल्या मुलीवर बोट ठेवलं. उंबऱ्यात उभी, समोर बघणारी, एक दात पडलेली पोर.

"माका आजपर्यंत खात्री नव्हती," ती हळूच म्हणाली. "ह्यां चित्र बघीसर..."

"काय आसा चित्रात?"

"दार उघडता आणि चेडू भुतूर येता. हेचां तोंड दिसता तुका. पडलेलो दात दिसता..." तिने बोट उचललं. "तू जर ह्यां चेडू, तर तुका तुझां तोंड कसां दिसलां गो? कोणाच्या मांडयेर बसून बघत व्हतंस तू... घराच्या भुतूर?"

पुस्तकात असंच असतं, सलोनीला म्हणायचं होतं. पण पुस्तक नव्हतं. तिने एकेक चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिलं. प्रत्येक वेळी ती आत होती, आणि पिवळ्या झग्यातली पोर बाहेरून येत होती. घाबरलेली. रडून डोळे सुजलेली.

ती रात्र तिने बागेत कशी काढली कुणाला ठाऊक नाही. कुणी तिच्याजवळ अंथरूण घातलं नाही एवढं खरं. परशुरामाने लांबूनच विचारलं, "जेवलां काय तां?" नाव घेतलं नाही.

तिसरा दिवसही तसाच गेला. चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला. ढोल वाजले, टीव्हीवाल्यांनी शूटिंग केलं, आणि गाव हसतखिदळत आत शिरलं. सीता सगळ्यांच्या पुढे होती. घराशी पोचल्यावर तिने पुढचं दार उघडलंच नाही, वळसा घालून मागे गेली. सलोनी तिच्या मागोमाग.

मागच्या दोरीवर एक हिरवा ड्रेस वाळत होता. सलोनीने तो कधी पाहिला नव्हता. ओला होता, आत्ताच पिळून घातल्यासारखा. खालून पाणी ठिबकत होतं.

"ह्यो कोणाचो?"

"दर पळणीक घर सोडताना एक शिवून ठेवतंय. खाटयेर," सीता म्हणाली. जणू तुळशीला पाणी घालते म्हणावं, तशी. "तुझ्या मापाचो."

तिने तो दोरीवरून काढला आणि सलोनीच्या खांद्यांना लावून पाहिला. कड घोट्यांच्याही खाली गेली. आत दुमडून ठेवलेलं कापड कुणीतरी उसवून खाली सोडलं होतं, आणि नवी टीप हाताने घातली होती. इतकी बारीक टीप गावातल्या कुठल्याच बाईला येत नाही.

सीता त्या टीपेवरून अंगठा फिरवत राहिली. सलोनी समोर उभी होती. आईने मान वर करावी म्हणून थांबली होती.

"वाढलां गो माझां चेडू," सीता ड्रेसला म्हणाली.