छातीवरचा दिवा

आठ दिवसांचा अहवाल प्रयोगशाळेच्या टेबलावर पडला होता आणि डॉ. उज्ज्वला तारळेकर तो तिसऱ्यांदा वाचत होती. आपणच लिहिलेलं आपलं कौतुक वाचायचा कंटाळा कुणाला येतो? तिचं हेतुदर्शक यंत्र आता सहा पोलीस नाक्यांवर चालू होतं.

"एक्केचाळीस वेळा दिवा लाल," प्राध्यापक बेडेकर चष्मा पुसत म्हणाले. ते तिचे गुरू, शिवाय शंका काढायला सरकारने नेमलेले परीक्षक. "तिघांकडे हत्यार सापडलं. उरलेले अडतीस?"

"कोठडीत आहेत, सर. हत्यार कुठे टाकलं ते सांगत नाहीत."

"हं. मला पुन्हा एकदा समजाव. शेजारणीला सांगतेस तसं."

उज्ज्वला हसली. "हात हलायच्या अर्धा सेकंद आधी मेंदू त्या हाताची तयारी करतो. ती तयारी यंत्र चार मीटरवरून वाचतं. रुमाल काढायची तयारी वेगळी, हत्यार धरायची वेगळी. हत्याराची दिसली की पोलिसाच्या छातीवरचा दिवा लाल होतो आणि त्याच्या पिस्तुलाचं कुलूप उघडतं. हात निवला की दिवा हिरवा, कुलूप बंद. उगाच कुणावर गोळी सुटायला नको."

"आणि तो हात कुणाचा, हे?"

"ते त्याला कळतच नाही. जात, गाव, चेहरा, काहीच नाही. फक्त हात कळतो. म्हणून तर ते कुणावर अन्याय करत नाही."

बेडेकरांनी चष्मा चढवला. "एकदा नाक्यावर जाऊन बस. प्रयोगशाळेत सगळेच शहाण्यासारखे वागतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वाघजाई फाट्यावर पोलिसांच्या जीपमध्ये बसली होती. ऊन मी म्हणत होतं. नाक्यावर फौजदार निखिल मोहिते उभा होता, सव्वीस वर्षांचा. मागच्याच महिन्यात त्याच्या जोडीदाराला अशाच एका नाक्यावर गोळी लागली होती. जोडीदार वाचला, पण मोहितेची झोप उडाली ती उडालीच.

एक जुनी स्कूटर आली. चालवणारा सत्तरीचा, मिशा पांढऱ्याशुभ्र, पाठीवर लांबट खाकी कव्हर. मोहितेने हात दाखवून थांबवलं.

"पाठीवर काय आहे?"

"बंदूक हाय, साहेब. परवान्याची. मी धोंडीराम निकम, पलटणीतनं हवालदार म्हणून सुटलोय, आता बँकेवर पहारा करतो. विलेक्शन लागलंय न्हवं, म्हणून ठाण्यात जमा कराया चाललोय."

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा नियमच. निकम वीस वर्षं तो पाळत आले होते.

"परवाना कुठाय?"

"कव्हराच्या खिशात. काढू का?"

इथवर सगळं कायद्याला धरून चाललं होतं. पण गाडी अडली ती इथेच. बंदूक आणि तिचा कागद वेगळा करायचा नाही, ही त्या भागातल्या सगळ्याच परवानेवाल्यांची सवय. मोहितेने परवाना मागितला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की म्हाताऱ्याचा हात आता बंदुकीकडेच जाणार. दिवा लाल झाला. पिस्तुलाचं कुलूप खट्कन उघडलं.

"हात वर करा. हललात तर गोळी घालीन." त्याचा आवाज फाटला होता.

निकमांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. उज्ज्वला जीपमधून दिव्याकडे बघत होती. हात वर आहेत, रिकामे आहेत, आता दिवा हिरवा व्हायला हवा. दोन सेकंद गेले, पाच गेले, दिवा लालच राहिला.

"अजून लाल आहे," मोहिते पुटपुटला. "याच्या मनात काहीतरी आहे." त्याचं पिस्तूल अर्धं बाहेर आलं होतं.

"साहेब," निकम हळू आवाजात म्हणाले, "दिवा तुमच्या छातीवर हाय. लाल तुम्ही झालायसा. आमच्या पलटणीत नवा गडी पहिल्यांदा चौकीवर उभा ऱ्हायला, की असाच घामाघूम व्हायचा. भिऊ नगासा. माझं हात सांजपर्यंत वर ऱ्हातील. तुम्ही तेवढा पिस्तुलावरचा हात काढा."

उज्ज्वलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती जीपमधून उतरली. "मोहिते, ऐका त्यांचं. हात काढा."

मोहितेने एकेक बोट सोडवावं तसा हात काढला. दिवा हिरवा झाला.

मग त्याने स्वतःच कव्हराच्या खिशातून परवान्याचं पुस्तक काढलं. सगळं चोख होतं. तो मटकन दगडावर बसला. निकमांनी त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि शेजारी टेकले. "मलाबी भ्या वाटलं की, लेकरा," ते म्हणाले.

मग ते उज्ज्वलाकडे वळले. "झकास यंत्र काढलंय, बाई. पोलीस भ्याला की समोरच्याला आधीच कळतंय."

ते थट्टा करत नव्हते. ज्याच्या छातीवर दिवा त्याचीच ती खबर, असं त्यांनी सरळ धरलं होतं. त्यांची चूक दुरुस्त करायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. प्रयोगशाळेत समोर नट असायचा, पोलिसाला ते ठाऊक असायचं, म्हणून त्याचा हात कधी भ्यालाच नव्हता. इथे भीती पोलिसाच्याच हाताची तयारी करत होती आणि यंत्र इमानेइतबारे कुलूप उघडून देत होतं. ज्याला गोळी झाडायचीच नाही, फक्त त्याच्यासाठी ते कुलूप बंद राहत होतं.

तिने बेडेकरांना फोन लावला. "सर, ते अडतीस जण हत्यार कुठे टाकलं ते सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे हत्यार नव्हतंच. ते पोलिसाच्या कमरेला होतं. यंत्र आजच बंद करा. त्यांना सोडायला सांगा."

"अहवालावर सही तुझी आहे, उज्ज्वला."

"हो, सर. म्हणून मीच जाते त्या अडतीस जणांसमोर."

निकम स्कूटर चालू करत होते. "ठाण्याकडंच जायचंय न्हवं? बसा मागं."

त्यांतले बारा जण त्याच ठाण्याच्या कोठडीत होते. त्यांना काय सांगायचं हे तिला अजून सुचलं नव्हतं. ती मागे बसली.