जॅकेटची खिडकी

नदी स्वभावाने अगदी गरीब. उद्यानातली माणसं तिच्याबद्दल असंच बोलायची. लहान पोरं तिच्यात पाय सोडून बसत, म्हातारे गळ टाकून पेंगत, आणि सुट्टीच्या दिवशी नवी जोडपी होडीत बसून जागच्या जागी गोल फिरत, कारण वल्ही मारता दोघांनाही येत नसत. अशा नदीत माणूस बुडतो हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण मागच्या वर्षी एक बुडाला होता.

यंदा तो तरुण पहिल्यांदा आला तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. लाइफ जॅकेट द्यायच्या खिडकीत ती एकटीच ओली जॅकेटं झटकत होती.

"होडी हवी होती," तो म्हणाला. "तीन नंबरची."

तिचे हात थांबले. "तीन नंबर... मोडीत काढली. दुसरी घ्या ना."

"असू दे. माझा धाकटा भाऊ त्या होडीत होता, म्हणून म्हटलं." तो जरा घुटमळला. "तेव्हा खिडकीत तुम्हीच होतात?"

"हो."

"चौकशीच्या कागदात वाचलं. तुम्ही स्वतः बक्कल लावून दिलं होतंत. आभार मानायचे राहिले होते... आमच्या माणसासाठी कुणीतरी काम नीट केलं होतं, एवढं तरी कळलं."

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावी, असं तिला झालं. कारण बक्कल तिने लावलंच नव्हतं.

त्या दिवशी ही लांब रांग होती. धाकटा हसरा, बोलघेवडा. "नव्या शर्टाची इस्त्री मोडेल हो, जॅकेट बुडाखाली घेऊन बसतो," म्हणाला, आणि तीही हसून "बरं, सावकाश जा" म्हणून मोकळी झाली. नोंदवहीत 'जॅकेट घातले' या रकान्यात खूणही करून टाकली. वळणापलीकडे पाण्याखाली एक झाड पडलेलं होतं. होडी उलटली, तो फांद्यांत अडकला, आणि जॅकेट तेवढं एकटंच तरंगत धक्क्याला आलं. चौकशीत तिच्या तोंडून निघून गेलं, 'मी स्वतः बक्कल लावलं.' मग सगळ्यांनीच ठरवलं की पोरानेच मध्ये कुठेतरी ते काढून ठेवलं असणार. मेलेला माणूस काही उठून 'नाही' म्हणायला येत नाही.

आता ती कुणालाही खांद्याचे पट्टे दोनदा ओढून पाहिल्याशिवाय सोडत नसे. त्यालाही सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

"एवढं आवळता?" तो कळवळून म्हणाला. "नदी गुडघाभर आणि बंदोबस्त समुद्राचा!"

"गुडघे कुणाचे, त्यावर आहे ते."

"अच्छा... म्हणजे माझे बघून ठेवलेत वाटतं?"

ती घाईघाईने नोंदवहीत डोकं घालून बसली. कान मात्र लाल झालेले दिसतच होते.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तिचा चष्मा दर दोन मिनिटांनी नाकावरून घसरतो, हे त्याने दुसऱ्याच खेपेला हेरलं. एकदा खिशातून पेन्सिलीच्या टोकाएवढा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि हात पुढे केला.

"द्या इकडे. तुमच्या नाकाची दया येते मला."

चष्मा त्याच्या हातात गेला आणि समोरचं सगळं विरघळलं — पाणी, झाडं, तोही. त्याच्या हनुवटीला धाकट्यासारखीच खळी होती. तेवढा वेळ ती दिसली नाही. वर्षभरात पहिल्यांदाच तिला सुखाचा श्वास घेता आला, आणि लगेच स्वतःचाच राग आला.

होड्या दुरुस्त करणारे काका डांबराच्या भांड्यापाशी बसून सगळं बघत होते. "चष्मेवाल्याला नदीचं वेड लागलंय की नदीकाठचं?"

"काका, डांबर उतू चाललंय. तिकडे बघा."

"इकडे पण उतूच चाललंय की!"

ती हसली. त्याच्यावर जीव जडला होता, यात आता खोटं काही उरलं नव्हतं. बाकी सगळंच खोटं होतं. आज सांगू, उद्या सांगू, करता करता झाडांची पानं पिवळी पडून नदीवर तरंगायला लागली.

मग एका शनिवारी सकाळी, ती पट्टे ओढत असताना तो म्हणाला, "उद्या घरी येशील? आईला... सांगितलंय तुझ्याबद्दल. तुला बघायचं म्हणतेय."

पट्टा तिच्या हातातच राहिला.

"एक आधीच सांगतो, दचकू नकोस. भिंतीवर एक फोटो तोंड भिंतीकडे करून टांगलेला दिसेल. धाकट्याचा. आई म्हणते, जॅकेट स्वतःच्या हाताने काढलंन, आईचा विचारसुद्धा केला नाही. वर्ष झालं, रडली नाहीये ती. नुसती त्याला शिव्या घालते."

"थांब," ती म्हणाली. "त्याने काढलं नव्हतं."

आणि तिने सांगितलं. रांग, शर्ट, इस्त्री, नोंदवहीतली खूण, चौकशीतलं खोटं. मध्ये थांबली असती तर पुन्हा बोलताच आलं नसतं, म्हणून एका दमात.

तो होडीत बसला, वल्ही घेतली आणि वळणाकडे गेला. ती दीड तास धक्क्यावर उभी होती. काका दोनदा येऊन काही न विचारता परत गेले.

तो आला तेव्हा जॅकेट अजून घट्ट होतं. त्याने स्वतः बक्कल सोडलं आणि जॅकेट तिच्या हातात दिलं.

"उद्या ये. ठरल्याप्रमाणे. आईला हे मी सांगणार नाही, तू सांग."

"आणि... आपलं?"

"तुझं वेड जाईल असं वाटलं होतं. वळणापाशी वाट बघत बसलो. गेलं नाही." त्याचा आवाज फाटला. "आता त्याचं काय करायचं, मला ठाऊक नाही."

दुपारीच तिने उद्यानाच्या कचेरीत जाऊन सगळं लिहून दिलं. साहेबांनी वाचलं आणि खिडकीची किल्ली ठेवून घेतली. पुढे काय होईल ते पत्राने कळवू, म्हणाले.

रविवारी दार आईनेच उघडलं. "हीच का ती? किती बारीक गं! ये, बस."

"बसत नाही. आधी ऐका."

उभ्या उभ्याच तिने पुन्हा सगळं सांगितलं. समोर भिंतीवर चौकटीची पाठ दिसत होती. शेवटी आईने एवढंच विचारलं, "इस्त्री मोडेल म्हणाला?"

"हो."

"त्या दिवशी सकाळी मीच करून दिली होती," आई म्हणाली. "वर दम भरला होता... चुरगळून आणलास तर बघ."

ती भिंतीपाशी गेली. फोटो खिळ्यावरून काढला, सरळ केला, पदराने काच पुसली. "मेल्या, कधी ऐकलं नाहीस माझं. नेमकं तेवढंच ऐकायचं होतं का रे?" आणि फोटो छातीशी धरून ती खाली बसली. वर्षभराचं रडणं घरभर झालं.

आईच्या खांद्यावर हात ठेवावा, इतकाही हक्क तिला नव्हता. ती दाराकडे निघाली. तो मागोमाग आला.

रडून तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. सवयीने त्याचा हात वर गेला... आणि मधेच खाली आला.

"स्क्रू सैल झालाय," तो म्हणाला. "दुकानात येऊन घट्ट करून घे."

"कधी येऊ?"

त्याने आत, आईकडे पाहिलं.

"इतक्यात नको," तो म्हणाला, आणि दार आवाज न करता लावून घेतलं.