दामल्यांच्या आडावरची शिळा

"मॅडम, आडावरची शिळा चोरीला गेली."

फोनवर श्रीनिवास दामले होते, सदाशिव पेठेतल्या दामले धर्मशाळेचे चिटणीस. महापालिकेच्या वारसा कक्षातली अभियंता दीक्षा साळवे नेमकी त्याच धर्मशाळेची फाइल उघडून बसली होती. दुपारी समितीची बैठक होती. धर्मशाळा वारसा यादीत आली, तर मिळकतकरात सवलत आणि दुरुस्तीला निधी मिळणार होता. नाही आली, तर विश्वस्तांचे अध्यक्ष बिल्डरच्या करारावर सही करायला मोकळे होते. आणि इमारतीचं वय सांगणारा एकुलता एक पुरावा म्हणजे ती शिळा.

"कशालाही हात लावू नका. मी येते."

पलीकडून दामल्यांनी चाचरत विचारलं, "ऑफिसातून दुसरं कोणी नाही का येणार, साळवेबाई?"

दीक्षाची कानशिलं तापली. आडनाव ऐकून असं विचारणारे तिला नवे नव्हते.

"नाही. मीच येणार," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

धर्मशाळेच्या दारावर पाटी होती: 'चपला बाहेर काढाव्यात. बाहेर म्हणजे बाहेर.' आत फरसबंदी चौक, एका अंगाला विद्यार्थ्यांची अभ्यासिका, दुसऱ्या अंगाला खानावळीचं स्वयंपाकघर, आणि मधोमध आड. आडामागच्या भिंतीत एक चौकोनी खड्डा पडला होता.

खानावळ चालवणाऱ्या मथुराबाई पुढे आल्या. "उन्हातनं आलाय, आधी पानी घ्या." त्यांनी टाचा उंचावून रांजणात ओगराळं घातलं. "दोन दिस लेकीकडं कात्रजला काय गेले, घर उलटंपालटं झालं बघा. शिळा न्हाई, झाडू न्हाई, रांजणात हात पुरंना झालाय. सकाळी आले तवा मीच वरडले."

दीक्षा घटाघटा पाणी प्यायली. पाणी गार होतं.

मग तिनं खड्डा पाहिला. चोरानं पहार घातली नव्हती. कडेचा चुना हलक्या हातानं खरवडून काढला होता आणि वरचे दगड खचू नयेत म्हणून विटांचा टेकूही दिला होता. खाली फरशीच्या फटींत हिरव्या ऑइलपेंटच्या सालपटं अडकली होती. तिनं मोबाइलवर जुन्या पाहणीचा फोटो उघडला. फोटोत शिळेच्या वरच्या दोन ओळी वाचता येत होत्या. खालचा सगळा भाग वर्षानुवर्षांच्या हिरव्या रंगानं लिंपलेला होता.

अध्यक्ष आप्पासाहेब केतकर आरामखुर्चीत बसून हे सगळं पाहत होते. खुशीत दिसत होते.

"शिळा नसल्याचा फायदा तुम्हालाच होतो, आप्पासाहेब."

"होतो ना. नाकारतोय कुठे?"

"तुम्हाला इमारत पाडायची आहे."

"मला ती आपणहून पडायच्या आत विकायची आहे. जपा म्हणायला तुमच्या महापालिकेचं काय जातं? गेल्या पावसाळ्यात जिना खचला, तेव्हा तुमची नोटीस आली. वाळूचं पोतं नाही आलं."

"काल कुठे होता?"

"कर्वेनगरला, नातवाच्या बारशाला. मला जिलबी खाताना निम्म्या मंगल कार्यालयानं पाहिलंय. आणि हे बघा, मला ती शिळा नकोशी असती, तर मी घण घातला असता. विटांचे टेकू देत बसलो नसतो."

माणूस खवचट होता, पण मुद्दा बिनतोड होता.

श्रीनिवासराव आडाच्या कठड्याशी उभे होते. वारसा प्रस्ताव त्यांनीच केला होता. दर रविवारी ते हौशी लोकांना ही धर्मशाळा फिरवून दाखवत आणि पणजोबांच्या पणजोबांची थोरवी सांगत. आज मात्र ते दीक्षाच्या नजरेला नजर देत नव्हते.

"शिळा शेवटची कधी पाहिलीत?"

"शनिवारी. काल अभ्यासिका बंद. मी इकडे फिरकलोच नाही."

"लेख काय होता?"

ते पाठ असल्यासारखं बोलले. "'शके १७५२. विसाजी दामले यांणी वाटसरांचे सोईस्तव हा आड बांधिला.' खालच्या तीन ओळी रंगाखाली. त्या आजवर कोणी पाहिल्याच नाहीत." मग हळूच विचारलं, "फोटोवर नाही का भागणार?"

"नाही. मूळ शिळा मूळ जागी हवी. तसा नियम आहे."

श्रीनिवासरावांचा चेहरा उतरला. हा नियम त्यांना माहीतच नव्हता, हे दीक्षानं टिपलं.

ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन रांजणाकडे बघत उभी राहिली.

"मथुराबाई, रांजण रिकामा करा. आप्पासाहेब, आपणही या."

"पान्याचं आन् चोरीचं काय वो?" असं पुटपुटत मथुराबाईंनी पाणी उपसलं.

दीक्षा बोलू लागली. "भिंत जपून उकरली आहे. म्हणजे चोराचा या इमारतीवर जीव आहे. शिळा काढण्याआधी तिच्यावरचा रंग खरवडला आहे, सालपटं तिथेच पडलीत. विकणारा चोर उघड्यावर दगड घासत बसत नाही. ती घासली कारण त्याला लेख वाचायचा होता. मोठ्या हौसेनं घासली असणार, समितीला पुरा लेख दाखवावा म्हणून. आणि वाचल्यावर ती लपवावीशी वाटली."

तिनं मोबाइलवरचा फोटो सगळ्यांपुढे धरला.

"फोटोत खाली नुसता हिरवा थर आहे. एक ओळ असेल की चार, कोणी सांगू शकणार नाही. श्रीनिवासराव, आपण म्हणालात, तीन. न पाहिलेल्या ओळी आपण मोजल्या कशा?"

श्रीनिवासरावांनी कठडा धरला.

"एवढा दगड घेऊन पेठेतून जायचं तर दहाजण चौकशी करणार. आणि जीव असलेला माणूस तो लांब टाकणारही नाही. मथुराबाई दोनच दिवस नव्हत्या, आणि तेवढ्यात त्यांचा हात रांजणाला पुरेनासा झाला. रांजण वाढत नाही. त्याच्याखाली काहीतरी आलंय."

आप्पासाहेबांनी आणि दीक्षानं रांजण बाजूला घेतला. खालची शिळा पालथी होती. दोघांनी ती उलटली.

वरच्या दोन ओळी सगळ्यांना ठाऊक होत्या. दीक्षानं खालच्या तीन मोठ्यानं वाचल्या.

"'अतिशूद्रांणी या पाण्यास शिवों नये. शिवेल त्यास फटके मारावे. हे विसाजीचे वचन.'"

तिचे आजोबा छप्पन साली धम्मात आले होते. तिचं नाव त्याचीच आठवण म्हणून ठेवलेलं. तरी क्षणभर तिलाच लाज वाटली, सगळ्यांदेखत कोणी हात धरून बाजूला काढल्यासारखी. मग त्या लाजेचा तिला संताप आला. ही लाज तिची नव्हतीच. आणि ज्या शिळेवर हे कोरलं होतं, तिच्यावरच्याच रांजणातलं पाणी ती आल्या आल्या प्यायली होती.

"काल गवंड्याला बोलावून मीच काढली," श्रीनिवासराव म्हणाले. "प्रस्तावात मी लिहिलंय, विसाजींनी जातपात न पाहता सर्वांना पाणी पाजलं. वर्षानुवर्षं लोकांना हेच सांगत आलो. कोणी टाळ्या वाजवल्या की माझी मान ताठ व्हायची. रंग निघाला आणि... आणि पाहणीला आपण येणार होतात. आपण हे वाचताना मला तिथे उभं राहवलं नसतं."

"म्हणून दुसरं कोणी पाठवा म्हणालात."

"हो."

"मला वाटलं, साळवे नको म्हणून."

दोन्ही हातांनी तोंड झाकून ते कठड्यावर बसले.

"झालं तर," आप्पासाहेब म्हणाले. "असली शिळा कोण जपणार? फोडून टाका, विषय संपला." पण या वेळी त्यांच्या आवाजात मजा नव्हती.

"फोडली तर विसाजी सुटले," दीक्षा म्हणाली. "मग फोटोतल्या दोनच ओळी उरतील, टाळ्यांच्या."

"मी राजीनामा देतो," श्रीनिवासराव म्हणाले.

"राजीनामा घेऊन मी काय करू? गवंडी बोलवा. बैठकीच्या आत शिळा भिंतीत हवी, तोंड बाहेर करून. प्रस्तावातलं ते वाक्य आपल्या हातानं खोडा. आणि रविवारी लोक आले की पाचही ओळी वाचायच्या, तुम्हीच."

धर्मशाळा यादीत आली. जिन्याच्या दुरुस्तीला निधीही मंजूर झाला.

रविवारी दीक्षा गर्दीत मागे उभी राहिली. श्रीनिवासरावांनी दोन ओळी नेहमीच्या सुरात वाचल्या आणि ते थांबले. टाळी वाजवायला उचललेले काही हात तसेच राहिले. मग त्यांनी उरलेल्या तीन वाचल्या. आवाज फाटला, पण त्यांनी एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाले, "हे माझ्या घराण्यानं कोरलं. आणि मी ते लपवलं."

चौकात टाळी वाजली नाही. लोक खाली फरशीकडे बघत राहिले.

श्रीनिवासराव स्वयंपाकघराकडे गेले. रांजण आता जुन्या जागी, जुन्या उंचीवर होता. त्यांनी तांब्या भरला, गर्दीतून वाट काढत दीक्षापर्यंत आले आणि मान खाली घालून तो पुढे धरला.

दीक्षानं लगेच हात पुढे केला नाही. त्यांना थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं. मग तिनं तांब्या घेतला.